जाहिराती गेल्या का?

आमच्या ऑफिसात किस्से शोधावे लागत नाहीत. हेडफोन कानाला लावला की पलीकडून कोणीतरी देतंच. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, जेवणाच्या सुट्टीत डबे उघडून त्या एकमेकांना सांगायच्या आणि संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याला पुन्हा ऐकवायच्या. नवरा आयटीत आहे. त्याच्या ऑफिसात म्हणे असलं काही घडत नाही. मला ते पटत नाही. घडत असणार, त्याला सांगता येत नाही एवढंच.

तर आधी ओळख करून देते. गाणी ऐकवणाऱ्या एका अ‍ॅपच्या ग्राहक सेवेचं काम आमच्या कंपनीकडे आहे. हैदराबादेत, हिमायतनगरात साड्यांच्या दुकानावरचा मजला. तेलुगू, हिंदी, कन्नड, तमिळ अशा लांब रांगा, आणि खिडकीजवळ, जिथे एसीचं पाणी गळतं तिथे, मराठीचं टेबल. टेबलावर आम्ही तिघं. मी मेघना, लग्न होऊन पुण्याहून इथे आलेली. निखिल इथलाच, आजोबांपासून हैदराबादचा. मराठी फाडफाड बोलतो, वाचताना मात्र पहिलीतल्या मुलासारखं ओळीवर बोट ठेवतो. आणि उज्ज्वला कांबळे, नांदेडची. चिक्कडपल्लीत धाकट्या भावाबरोबर खोली घेऊन राहते. भाऊ विद्यानगरकडे कॉलेजात शिकतो आणि दोघांचं तिच्या पगारावर चालतं.

आमच्यावर टीम लीडर श्रीनिवास गारू. गारू म्हणजे आपलं राव. त्यांना मराठीतलं 'काय झालं' आणि 'होऊन जाईल' एवढंच येतं, आणि एवढ्यावर त्यांनी मराठीचं टेबल उत्तम सांभाळलंय.

आमच्याकडची बारमाही तक्रार एकच. पैसे भरले, तरी जाहिराती येतात.

*

याचं उत्तर आमच्याकडून पाठ करून घेतलंय. पैसे भरले की गाण्यांच्या मधल्या आमच्या जाहिराती बंद होतात. पण लोक अ‍ॅपवर गप्पांचे, गोष्टींचे, कीर्तनाचे कार्यक्रम टाकतात, त्यात कार्यक्रम करणारा स्वतःच्याच तोंडाने कशाची जाहिरात करत असेल, तर ती आम्हाला काढता येत नाही. ऐकायला सोपं आहे. फोनवर सांगून बघा.

साताऱ्याच्या एक बाई रोज सकाळी एका बुवांचं कीर्तन ऐकायच्या. बुवा निरूपणात असे रंगायचे की बाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि नेमके तिथूनच ते गादीवर यायचे. कुठल्याशा कंपनीची गादी, पाठदुखीवर उत्तम. बाईंचं म्हणणं, मुलाने वर्षाचे पैसे भरलेत, आता बुवांनी गादीबद्दल बोलू नये.

मी सांगितलं, ते बुवा स्वतःच बोलतात, आम्ही मध्ये घालत नाही.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून तर तुम्हाला सांगतेय. मी पैसे भरलेत एवढं त्यांच्या कानावर घाला."

मी म्हटलं, बुवांपर्यंत आमचा निरोप जात नाही. तेव्हा त्यांनी विचारलं, की गादी खरंच चांगली आहे का. मी म्हटलं, मला कल्पना नाही. तक्रार बंद झाली.

महिन्याभराने त्यांचा पुन्हा फोन आला. गादी घेतली होती. चांगली निघाली होती. आता तरी बुवांनी थांबावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

*

निखिलकडे नाशिकच्या एका माणसाची तक्रार आली. नवीन गाणं होतं, त्यात नायक दुसऱ्या अंतऱ्यात एका साबणाचं नाव घेऊन नायिकेच्या रंगाचं कौतुक करतो. माणूस म्हणाला ही जाहिरात आहे, आणि मी पैसे भरलेत.

टेबलावर दोन दिवस वाद चालला. मी म्हणत होते जाहिरात आहे. उज्ज्वला म्हणत होती, नायिकेला तो साबण आवडत असेल, आपल्याला काय करायचंय. शेवटी प्रकरण श्रीनिवास गारूंकडे गेलं. त्यांनी हेडफोन लावून, डोळे मिटून गाणं ऐकलं, मग पुन्हा ऐकलं. एकही शब्द कळला नाही, पण चेहरा न्यायाधीशाचा.

"राइम होता क्या?" त्यांनी विचारलं.

निखिल म्हणाला, होतो, साबण आणि श्रावण.

"तो फिर गाना है."

तेव्हापासून आमच्या टेबलावर हा कायदा आहे. यमक जुळलं तर गाणं, नाही जुळलं तर जाहिरात. निखिलने मोठ्या आत्मविश्वासाने तो नाशिकच्या माणसाला ऐकवला. माणूस म्हणाला, तुमच्या सगळ्याच जाहिरातींची यमकं जुळतात, मग मी पैसे कशाचे भरले?

*

विद्यानगरात सुमनकाकूंची मेस आहे. परभणी, लातूर, नांदेडची मुलं तिथे जेवतात, उज्ज्वलाचा भाऊही. एक दिवस काकू थेट ऑफिसात आल्या. वॉचमनने सोडलं, कारण हातात डबा होता.

काकूंची तक्रार उलटी होती. स्वयंपाकघरात फळीवर फोन ठेवून त्या गाणी लावत आणि सोबत गात. जाहिरात लागली की गाणं थांबायचं, मग त्यांना कुकर आठवायचा. वर्षानुवर्षं वरणभात असा जाहिरातींच्या भरवशावर शिजत होता. आता बंगळुरूच्या मुलाने आईला त्रास नको म्हणून पैसे भरून टाकले. जाहिराती गेल्या. काकू गात राहिल्या आणि वरण करपलं. दुसऱ्या दिवशीही करपलं. मुलं बोलून दाखवत नव्हती, पण ताकच जास्त मागायला लागली होती.

"मला जाहिराती परत लावून द्या," काकू म्हणाल्या. "पण मुलाला कळता कामा नये. हौसेने केलंय त्याने."

उज्ज्वलाने त्यांच्या फोनवर बिनपैशाचं दुसरं खातं उघडून दिलं. काकू डबा ठेवून गेल्या. त्यात पुरणपोळ्या होत्या आणि त्या करपलेल्या नव्हत्या.

दिवाळीत मुलगा घरी आला, जाहिराती ऐकल्या आणि त्याने संतापून फोन केला. आईचे पैसे भरलेत तरी जाहिराती कशा? फोन उज्ज्वलाकडेच लागला. खोटं बोलायचं नाही आणि काकूंना दिलेला शब्दही मोडायचा नाही, असा पेच होता.

"दादा," ती म्हणाली, "घरी आल्यापासून वरण कसं लागू लागलंय?"

चांगलं आहे, तो म्हणाला.

"मग राहू द्या की."

*

आता आमच्या ऑफिसातली एक रीत सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

आमच्याकडे बरेच जण कंत्राटावर असतात. कंत्राटी माणसाला अ‍ॅप बिनपैशाचंच वापरायला मिळतं. म्हणजे दिवसभर लोकांच्या जाहिराती बंद करून द्यायच्या आणि घरी जाताना बसमध्ये स्वतः जाहिराती ऐकायच्या. पर्मनंट झालं की खातं आपोआप पैसेवालं होतं. हे काम कॉम्प्युटर स्वतः करतो, त्यामुळे लगेच होतं. पत्र एचआरच्या मॅडम करतात, त्यामुळे ते सावकाश येतं.

हे आम्हाला निखिलमुळे कळलं. तो कंत्राटी असताना एका सकाळी मला ग्राहकांच्या लाइनवर फोन आला. पलीकडे निखिल. रविवारपासून त्याच्या फोनवर जाहिराती येत नव्हत्या. फोन बंद करून चालू केला, अ‍ॅप काढून परत टाकलं, मेहुण्याला दाखवलं.

"लई परेशान झालो ताई. काहीतरी बिघाड आहे. तक्रार लिहून घ्या ना."

मी लिहून घेतली. शेजारच्या तमिळ टेबलवालीला सांगितली, तर ती म्हणाली, अरे, हा पर्मनंट झाला. पत्र दहा-बारा दिवसांनी आलं. पेढे मात्र त्याच दुपारी खाल्ले.

तेव्हापासून आमच्या मजल्यावर कोणी कोणाला पर्मनंट झालास का असं विचारत नाही. विचारतात, जाहिराती गेल्या का?

उज्ज्वलाच्या जात नव्हत्या. कंत्राट संपायचं, पुन्हा वाढायचं. या खेपेला मात्र वरून सांगितलं होतं, की आता वाढ नाही, एकतर पर्मनंट नाहीतर बाहेर. बाहेर म्हणजे चिक्कडपल्लीची खोली सुटणार, भावाचं कॉलेज अर्धवट राहणार आणि दोघं परत नांदेडला. ती हे कधी बोलायची नाही. पण घरमालकाचा फोन आला की बाहेर जाऊन घ्यायची, ते आम्हाला दिसायचं.

*

खरं तर ती आधीच पर्मनंट झाली असती. पण कोल्हापूरकर आडवे आले.

कोल्हापूरच्या एका ग्राहकाने मराठीत लांबलचक तक्रार लिहून पाठवली आणि ती निखिलकडे आली. निखिल बोट ठेवून दुसऱ्या ओळीपर्यंत पोचला आणि दमला. त्याने उज्ज्वलाला वाचून दाखवायला सांगितलं. उज्ज्वलाने शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली. बसून वाचणं तिला जमत नाही. ती उभी राहिली.

"तुम्हाला लाज कशी वाटत नाही? माणसाकडून पैसे घेता आणि वर त्याच्याच कानात ओरडता? तुमच्या घरी आईबाप आहेत की नाहीत?"

तक्रार जोरदार होती आणि वाचन त्याहून जोरदार. निखिल मान खाली घालून सवयीने प्रत्येक वाक्याला सॉरी म्हणत होता. नेमक्या तेव्हाच एचआरच्या मॅडम पाहुण्यांना ऑफिस दाखवत आल्या. त्यांनी पाहिलं, की एक मुलगी हातवारे करून सहकाऱ्याला झापतेय आणि तो रडकुंडीला आलाय. उज्ज्वलाच्या मूल्यमापनात शेरा पडला, सहकाऱ्यांशी संयमाने वागावे. पर्मनंट करणं पुढच्या खेपेवर गेलं.

मला फार वाईट वाटलं. निखिलला त्याहून जास्त वाटलं. तो मॅडमकडे गेला आणि सांगितलं, की ती मला ओरडत नव्हती, ती स्वभावाने खूप चांगली आहे.

मॅडमनी हळू आवाजात विचारलं, "उसने भेजा क्या तुमको?"

निखिलला खोटं बोलता येत नाही.

"हौ," तो म्हणाला.

*

त्यानंतर उज्ज्वलाच्या वाट्याला उदगीरचे बिराजदार गुरुजी आले. शाळेतून निवृत्त झालेले, एकटे राहणारे, आवाज अजून वर्गात शिकवल्यासारखा. नातवाने त्यांच्या फोनवर पैसे भरून दिले होते, तरी जाहिराती येत होत्या. आमच्या कॉम्प्युटरवर दिसायचं, की त्यांना एकही जाहिरात गेलेली नाही. उज्ज्वला तक्रार बंद करायची, गुरुजी दुसऱ्या दिवशी परत उघडायचे. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडली की ती बंद करणाऱ्याच्या नावावर लाल खूण पडते. मूल्यमापन तोंडावर आलेलं आणि उज्ज्वलाचं पान लालभडक झालेलं.

मी म्हटलं, हा माणूस माझ्याकडे दे. ती म्हणाली, "नको ताई. गुरुजी खोटं बोलू नाही लागले. मला त्यांचा आवाज कळतो."

शेवटी तिने नियम मोडला. गुरुजींना स्वतःचा नंबर दिला आणि सांगितलं, गाणं लावा आणि फोन तसाच चालू ठेवा, मी ऐकते. गाणं झालं आणि जाहिरात लागली. दिवाळीनिमित्त फ्रीजवर भरघोस सूट.

बाहेर मे महिना रखरखत होता.

"गुरुजी," उज्ज्वलाने विचारलं, "तुमच्याकडे दिवाळी आहे का?"

मग उलगडा झाला. नातवाने गुरुजींना एक छोटा स्पीकर आणला होता आणि फोन त्याला जोडून दिला होता. पण त्या स्पीकरात एक जुनं मेमरी कार्ड होतं, त्यावर कोणीतरी कधीकाळी अ‍ॅपवरची गाणी जाहिरातींसकट भरून ठेवलेली. गुरुजी पैसे भरलेला फोन शेजारी ठेवायचे, स्पीकरचं बटण दाबायचे आणि कार्डावरची गाणी ऐकायचे. उज्ज्वलाने कार्ड काढायला लावलं. तक्रार बंद झाली आणि पुन्हा उघडली नाही.

फोन ठेवताना गुरुजींनी विचारलं, "पोरी, तुला तर जाहिराती येत नसतील?"

"येऊ लागल्यात की गुरुजी अजून," ती हसून म्हणाली. "पर्मनंट झाले की जातील."

*

त्याच आठवड्यात एका सकाळी उज्ज्वला जिना चढून आली ती कानात इयरफोन घालूनच. पर्स खाली ठेवायचंही भान नव्हतं.

"ताई, चिक्कडपल्लीपासून एकपण जाहिरात आली नाही."

आम्ही फोन टेबलावर ठेवून गाणी लावली. एक झालं, दुसरं झालं, तिसरं लागलं. निखिल टेबलावर हात आपटून उठला आणि मजलाभर बातमी झाली. चहा आला, उस्मानिया बिस्किटं आली, पेढे आले. उज्ज्वलाने नांदेडला आईला फोन लावला. आई रडत होती, ते आम्हालाही ऐकू येत होतं. श्रीनिवास गारूंनी तिचा हात हातात घेतला. या खेपेला त्यांनी शिफारस अगदी ठासून लिहिली होती, असं त्यांनी सांगितलं. नेहमीचं 'होऊन जाईल' सोडून ते चक्क 'झालं' म्हणाले.

दुपारी तिच्या मोबाइलवर गुरुजींचा फोन आला. ती माझ्या शेजारीच होती.

"पोरी, मिळालं का गं? महिनाभराचे पैसे भरून भेट पाठवलीय तुझ्या नंबरावर. नातवाला विचारून केलं सगळं. आता निवांत ऐक."

ती म्हणाली, "मिळालं गुरुजी. लई छान वाटलं." फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. सबंध मजला तिचे पेढे खाऊन बसला होता, आई नांदेडमध्ये गल्लीभर सांगत फिरत असणार, आणि पर्मनंट वगैरे काही झालंच नव्हतं. शिवाय ग्राहकाकडून पैशातली भेट घेतली तर आमच्याकडे सरळ घरी पाठवतात.

भेट परत करता येते का, ते मी नियमांत शोधलं. येत नाही. रोज मीच लोकांना सांगते, दिलेली भेट परत होत नाही.

निखिलला सांगावंच लागलं. त्याने विचारलं, "आता काय करायचं ना ताई?" काहीच करायचं नाही, असं ठरलं. महिनाभर उज्ज्वला पर्मनंट असल्यासारखी वावरली. अभिनंदनं घेतली, आईशी हसून बोलली, एका नव्या मुलीला कामही शिकवलं. पत्राचं कोणी विचारलं नाही, कारण आमच्याकडे पत्र उशिराच येतं. तिचा डबा मात्र अर्धा परत जायचा.

भेट रविवारी संपत होती. कंत्राट त्याच आठवड्यात.

सोमवारी ती आली तेव्हा कानात इयरफोन नव्हते. सकाळपासून ऐकलंच नाही, म्हणाली, धीर झाला नाही. तिने फोन टेबलावर ठेवला आणि आवाज बारीक करून गाणं लावलं. आम्ही तिघंही हेडफोन काढून त्याभोवती बसलो. एक गाणं संपलं आणि लगेच दुसरं सुरू झालं. ते संपलं. जाहिरात यायची तर आता, असं मला वाटलं, आणि तिसरं गाणं सुरू झालं. मग चौथं.

निखिल उठायला लागला. मी त्याला खाली बसवलं. एकदा पेढे खाऊन झाले होते, आणि उदगीरला गुरुजी होते.

उज्ज्वलाच्याही तेच मनात आलं असणार. तिने तिथेच गुरुजींना फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"गुरुजी, खरं सांगा. तुम्ही परत पैसे भरले का?"

पलीकडे गुरुजी खोकले. वर्गात शिकवल्यासारखा आवाज एकदम ओशाळला.

"नाही गं पोरी. पेन्शन अजून जमा झालेली नाही. झाली की लगेच भरतो. तेवढे दोन-चार दिवस जाहिराती ऐकून घे."